गर्दी नसलेला मंगळवार

अमरावतीच्या बाहेर, परतवाडा रस्त्यावर जे नवं पार्क झालं आहे, तिथे मुलांना घेऊन जायचं तर कोणता दिवस बरा, असं मला आमच्या स्टँडवर बरेच जण विचारतात. मार्गशीर्षात मी स्वतः जाऊन आलो. तेव्हापासून या प्रश्नाला मी नीट उत्तर देत नाही, आणि लोकांना वाटतं याला कशाचा तरी माज आला आहे. म्हणून काय झालं ते एकदा लिहून टाकतो.

अकोट

मी एसटीत आहे. अकोटच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. लोकांना वाटतं की आम्ही खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारतो. ते तर आहेच, पण खरं काम निराळं. कोणत्या दिवशी किती माणसं कुठे निघतील हे आठवडाभर आधी ओळखायचं आणि त्याप्रमाणे जादा गाड्या मागायच्या. त्यासाठी माझी एक वही आहे. कोणत्या गावचा बाजार कधी, यात्रा कुठली, लग्नाच्या दाट तिथी कोणत्या, शाळांच्या परीक्षा कधी, कापूस वेचायला आलाय की नाही, सगळं त्यात लिहिलेलं असतं. वीस वर्षांत माझा अंदाज फारसा चुकलेला नाही. हे मी फुशारकीनं सांगतो आहे, कारण पुढे फुशारकी मारण्यासारखं काही येणार नाही.

माझी मुलगी समीक्षा सातवीत आहे. तिची आई वंदना आणि मी तीन वर्षांपासून वेगळे राहतो. भांडणतंटा नाही, कोर्ट नाही. ती अमरावतीला एका दवाखान्यात नर्स आहे, मी अकोटला, आणि समीक्षा तिच्याजवळ. दिवाळीनंतर वंदनाचा फोन आला. तिला नाशिकला चांगली नोकरी मिळाली होती, जूनपासून जायचं होतं.

"समीक्षा एक त माह्यासंग येईन, नाई त तुमच्याजवळ अकोटले राईन," ती म्हणाली. "तिलेच विचारा. ती म्हणन ते मले कबूल."

फोनवर विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी ठरवलं, दोन दिवस रजा टाकायची, पोरीला पार्कात न्यायचं, दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला, आणि निवांत बसून विचारायचं. निवांत हा शब्द मी मनाशी फार वेळा घोकला. कारण पार्कात माझा साडू रविवारी गेला होता, तो सांगत होता की एकेका पाळण्याला तास तास रांग. रांगेत धक्के खाताना कोणी कुणाला असं काही विचारू शकतं का?

त्या पार्कच्या वेबसाइटवर गर्दीचं कॅलेंडर आहे. लाल दिवस म्हणजे तुडुंब, पिवळा म्हणजे बरा, हिरवा म्हणजे मोकळा. मी ते उघडलं आणि शेजारी माझी वही उघडली. मार्गशीर्षातला एक मंगळवार कॅलेंडरवर हिरवा होता. माझ्या वहीत तर तो हिरव्यापेक्षाही हिरवा निघाला. त्या दिवशी वर्षातली सगळ्यात दाट लग्नतिथी, म्हणजे अर्धा जिल्हा मांडवात. कापसाची वेचणी जोरात, म्हणजे उरलेला अर्धा वावरात. थंडी. शाळांच्या चाचण्या. अमरावतीला शालेय खो-खोच्या विभागीय स्पर्धा, त्यासाठी आमच्याच डेपोची एक गाडी मुलींची टीम घेऊन जाणार होती, म्हणजे शाळांच्या सहली त्या दिवशी नाहीत. मी वही मिटली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. बायकोनं सोडलेला माणूस असं स्वतःला न म्हणता बऱ्याच दिवसांनी झोपलो.

वंदनाला फोन केला, म्हटलं, "मंगळवार-बुधवार रजा मंजूर झाली. सगळं पाहून ठरवलं आहे." "मंगळवारी?" तिनं विचारलं. मग म्हणाली, तिला विचारते. तासाभरानं समीक्षाचाच फोन आला. "येते मी, पप्पा."

पार्क

अमरावतीच्या स्टँडवर वंदना तिला सोडायला आली होती. समीक्षा दिवाळीपेक्षा उंच झाली होती आणि पायात धावायचे बूट होते. वंदना मला एवढंच म्हणाली, "तिच्यासंग बोला जरा." मी म्हटलं, त्याचसाठी तर चाललो आहोत.

पार्काच्या फाटकाशी आम्ही दहाला उतरलो. सायकल स्टँडवर तीन गाड्या. तिकिटाच्या खिडकीतला माणूस पेंगत होता. मी समीक्षाला म्हटलं, "बघ, म्हटलं नव्हतं? एकही माणूस नाही!" ती म्हणाली, "हो, छान आहे."

माझ्याशी ती शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं बोलते. आईशी, मैत्रिणींशी खास वऱ्हाडी, आणि माझ्याशी पुस्तकातलं. हे मला कधीपासून लागलं आहे. पाहुण्यांना आपण चांगल्या कपातून चहा देतो, तसं ते बोलणं.

आत गेलो तर पाण्याचा भाग थंडीमुळे बंद. ठीक आहे. मोठी झुलती होडी चालू होती, म्हणजे चालू असायला हवी होती. जवळ जाऊन पाहतो तो होडी रिकामी आणि खाली खुर्चीवर एक चाळिशीचा गृहस्थ उन्हाला पाठ करून बसलेला. दर्यापूरकडचा होता, बोलण्यावरून कळलं.

"बसू का?" मी विचारलं.

"बसा न भाऊ. पन होडी सोडन नाई."

"काहून?"

"बारा मानसं पायजे. दोन्ही बाजू वजन सारखं लागते. दोन मानसाईसाठी मोटर कायले जाळू? सायबानं सांगतलंय, बारा झाले की सोड."

सगळा तालुका मांडवात आणि वावरात घालवून मी हा दिवस काढला होता, आणि आता इथे मलाच माणसांची वाट पाहायची होती. अंजनगावच्या फाट्यावर काळी-पिवळी जीप उभी असते, ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि मी वीस वर्षं त्या जीपवाल्यांना शिव्या घालत आलो.

"किती वेळ लागेल?" समीक्षानं विचारलं.

"पोरी, आज त कोनी येतच नाई," तो म्हणाला. "रविवारी ये. रविवारी दर पाच मिनिटाले सुटते."

होडीसमोर बाकडं होतं. आम्ही बसलो. आता खरं म्हणजे यापेक्षा निवांत वेळ कोणता? ऊन कोवळं होतं, आजूबाजूला कुणी नाही, पोरगी शेजारी. तिनं पायानं मातीत रेघ ओढली आणि म्हणाली, "पप्पा, मग अकोटला तुमचं कसं चाललंय?"

माणसानं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात होडी बसली होती. मी म्हटलं, "चाललंय. तू थांब इथे, मी माणसं जमवतो."

आणि मी निघालो. बारा माणसं म्हणजे आम्ही दोघं सोडून दहा. झाडाखाली नवं लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांना उठवलं. कँटीनमध्ये कॉलेजला दांडी मारून आलेली चार पोरं होती, त्यांना म्हटलं, चला रे, होडी सुटते आहे. ती येत होती तोवर जोडपं परत झाडाखाली गेलं. त्यांना आणायला गेलो तर पोरं पलीकडच्या पाळण्याकडे. मी पार्काच्या मधोमध उभा राहून स्टँडवरच्या आवाजात ओरडलो, "होडी, होडी! होडी सुटणार, चार सीट बाकी!" खरं सांगायचं तर मला मजा येत होती. झाडाला पाणी घालणारी बाई, तिचा नवरा आणि कँटीनचे दोन वाढपी, चौघांनाही मी विनंती करून बसवलं. पाऊण तासानं बारा माणसं झाली. होडीवाला म्हणाला, "भाऊ, तुमी इथी नोकरीलेच लागा."

समीक्षा बाकावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मी एवढी धावपळ करून तिच्यासाठी होडी भरली आणि ही मोबाईलमध्ये. माझं डोकं सणकलं.

"दे तो इकडे. दोन दिवस मोबाईल बंद."

"पप्पा, पाचच मिनिटं. प्लीज."

"घरी बघतेसच की रोज. दे."

तिनं दिला. वाद घातला नाही. मी तो बंद करून खिशात टाकला. होडी सुटली, वर-खाली झाली, नवी नवरी किंचाळली, पाणी घालणाऱ्या बाईनं डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेतलं. समीक्षा समोरच्या दांडीला धरून शांत बसली होती. खाली उतरल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाली, "छान होतं."

मग दिवसभर तेच. प्रत्येक झुल्याला कुठे आठ, कुठे सोळा, आणि प्रत्येक ठिकाणी मी माणसं गोळा करत हिंडलो. रविवारी रांगेत उभे असतो तर निदान शेजारी शेजारी उभे असतो. चार वाजता आमचे सगळे झुले खेळून झाले होते. त्या दिवशी मला ते मोठं काम वाटलं होतं.

परतवाडा

अमरावतीहून आलेली चिखलदऱ्याची शेवटची गाडी चुकली, कारण ती लग्नाच्या वऱ्हाडानं खच्चून भरलेली होती आणि पार्कच्या फाट्यावर थांबलीच नाही. मागून आलेल्या गाडीनं परतवाड्यापर्यंत गेलो. म्हटलं इथेच राहू, सकाळी वर जाऊ. पण लॉज भरलेला. दुसरा लॉज भरलेला. लोक पार्कात नाहीत म्हणजे मांडवात आहेत हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण मांडवातल्या पाहुण्यांना झोपायला खोल्या लागतात हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला हे सुचू नये याची मला लाज वाटली.

तिसऱ्या ठिकाणी मंगल कार्यालयाच्याच वर चार खोल्या होत्या. नवरीचे काका दारात उभे होते, फेटा सैल झालेला. मी अडचण सांगितली.

"पोरगी हाय ना संग? मंग रस्त्यावर झोपवान का?" ते म्हणाले. "एक खोली देतो. सामान हाय आमचं तेथी, सरकवून घ्या. आन जेवल्याबिगर झोपायचं नाई."

खोलीत आहेराच्या पेट्या आणि भांड्यांचे डबे होते. वंदनाला फोन करायचा म्हणून मी समीक्षाला मोबाईल परत दिला. तिनं तो सुरू केला. एकामागून एक निरोप वाजत राहिले, किती ते मी मोजले नाहीत. तिनं वाचले. मग मोबाईल पेटीवर पालथा ठेवला आणि मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही, पप्पा. पाणी गार आहे."

मी मान डोलावली. इतकं सोपं उत्तर मला पुरलं, हे आठवून आता स्वतःचाच राग येतो.

खाली पंगत बसली होती. वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. पुण्यामुंबईकडे हल्ली लग्नात हातात ताट धरून उभ्यानं जेवतात म्हणे, इथे अजून मांडी घालून बसतात आणि वाढणारा पुढ्यात उभा राहून आग्रह करतो. समीक्षा दोन घास खाते न खाते तोच तिच्या वयाच्या तीन-चार पोरी आल्या. "पानी वाढतं का आमच्यासंग? एक जन कमी पडून रायली." ती उठली. जग हातात घेऊन पंगतीतून पळू लागली. वाकून, वळून, कुणाच्या पायाला धक्का न लावता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. "पानी पायजे का हो काका? ओ मावशी, हात बाजूले घ्या न, सांडन!" मोठ्यांदा हसत होती. कितीक दिवसांनी मी ते हसणं ऐकलं. दिवसभर मी माणसं गोळा केली ती तिच्यासाठी, आणि ती खुलली ती माझ्या वहीनं टाळलेल्या माणसांत. मला तिचा आनंद झाला आणि त्या अनोळखी पोरींचा हेवाही वाटला, दोन्ही एकदमच.

शेजारी येऊन बसलेले नवरीचे काका म्हणाले, "चपळ हाय पोट्टी. खेळते का काई?"

"शाळेत खेळत असेल," मी म्हणालो.

चिखलदरा

सकाळच्या गाडीनं वर पोचलो. घाटात धुकं होतं, वळणावर समोरचा दगड दिसत नव्हता, आणि वर आल्यावर ऊन. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी इथे गाड्यांच्या रांगा लागतात, पायी चालणारा गाडीच्या आधी पोचतो. बुधवारी रस्त्यावर फक्त माकडं. देवी पॉइंटजवळ एका बाईचं चहाचं दुकान उघडं होतं. चुलीवर दूध आटत होतं, खव्याचा वास येत होता. आम्ही बाकावर बसलो. दरी निळी दिसत होती. मी मनात वाक्य जुळवलं. समीक्षा, जूनपासून तू. समीक्षा, तुला असं वाटतं का. जुळेना.

चहावाल्या बाईनं खवा पानावर घालून तिच्या हातात दिला आणि विचारलं, "शाळा नाई का वो पोरी आज? बुधवार हाय."

"सुट्टी घेतली."

"आजारी-गिजारी त नाई?"

"नाही. काल आमची मॅच होती, म्हणून शाळेनं आजही सुट्टी दिली."

"कायची मॅच?" हे मी विचारलं.

तिनं पान खाली ठेवलं. मोबाईल घेतला तेव्हा नाही, होडीत नाही, रात्री मोरीतून आल्यावर नाही, पण आता तिचे डोळे भरून आले, आणि पुस्तकातलं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"खो-खोची! विभागीय होती पप्पा, अमरावतीले. मी टीममधी हाय. पयल्या नऊ जनीत हाय मी. एका गुनानं हारलो आमी. एका! सगळ्या मले फोन करून रायल्या होत्या, आन मोबाईल तुमच्या खिशात."

माझ्या वहीत ती ओळ होती. मंगळवार, खो-खो, मुली, विभागीय, एक गाडी. ती ओळ पाहून मी खूश झालो होतो, की चला, तेवढी पोरं पार्कात येणार नाहीत. त्या स्पर्धेतल्या पोरींत माझी पोरगी असेल असं मला वाटलंही नाही. तिच्या पायातले बूट मी काल पाहिले होते.

"मग सांगायचं नाहीस का मला? आपण दुसरा दिवस धरला असता."

"तुमी विचारलं कुठी? तुमी सांगतलं. सगळं पाहून ठरवलं म्हने."

"आई तरी..."

"आई म्हणे, सांग त्याईले. मीच म्हटलं नको." तिनं बाहीनं नाक पुसलं. "मले वाटलं, एकडाव नाई म्हटलं त तुमी पुन्ना विचारनार नाई."

चहावाली बाई पातेलं घेऊन मागे गेली. तिला कामच नव्हतं मागे, पण ती गेली. त्या बाईचे मी आभार मानतो.

मी समीक्षाची माफी मागितली. मागायची सवय नाही, त्यामुळे ती नीट मागताही आली नाही. मी म्हटलं, चुकलं माझं, पुढच्या मॅचला येतो. ती म्हणाली, आता पुढच्या वर्षी. मग आम्ही भीमकुंड पाहिलं, कॉफीची झाडं पाहिली, एका माकडानं माझ्या हातातली पिशवी पळवली आणि समीक्षा थोडी हसली. ज्यांना चिखलदऱ्याला जायचं आहे त्यांना सांगतो, जागा फार सुंदर आहे. मला तिथलं फारसं काही आठवत नाही.

घाट उतरताना

परतीच्या गाडीत आम्ही सात-आठ जणच होतो. ती खिडकीशी बसली होती. मला ठाऊक होतं की आता विचारण्यात अर्थ नाही. पण वंदनाला मी शब्द दिला होता, आणि खरं म्हणजे वेडी आशाही होती.

"समू," मी म्हटलं, "आई जूनपासून नाशिकला जाते आहे. तू माझ्याजवळ राहशील का, अकोटला?"

तिनं लगेच वळून पाहिलं. तिला नवल वाटलं नाही.

"मले माईत हाय. आईनं सांगतलं होतं, तुमी हेच विचारनार हाय म्हनून." मग म्हणाली, "त्या बाकड्यावर मी वाट पाहून रायली होती, पप्पा. म्हटलं आता विचारतीन. मी अकोटचं काढलंबी होतं."

"काल विचारलं असतं तर?"

"हो म्हटलं असतं."

"आणि आता?"

तिनं खिडकीची काच ओढून घेतली. रागावलेली दिसत नव्हती. मला ती रागावलेली असती तर बरं वाटलं असतं.

"आता मी आईसंग जाईन," ती म्हणाली.

अमरावतीला वंदना स्टँडवर उभी होती. समीक्षा पुढे जाऊन तिच्या कुशीत शिरली, उंचीनं आता तिच्या खांद्याला लागते. वंदनानं माझ्याकडे पाहून विचारलं, "विचारलं का तिले?"

मी म्हटलं, "विचारलं. नाशिकला तिच्यासाठी शाळा बघ."